बाबांना शिडीवरून उतरवा, मग पन्हळीचं बघू

पत्र : गुहागर तालुक्यात समुद्रापासून जेमतेम दीड किलोमीटरवर आमचं घर आहे. पुढचा जुना भाग चिऱ्याचा, मंगलोरी कौलांचा. मागे २०११ मध्ये स्वयंपाकघर आणि न्हाणीघर वाढवलं, त्याला स्लॅब आहे. आई-बाबा दोघंच तिथे राहतात. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि दर मे महिन्यात स्वतः शिडी लावून पन्हळी साफ करतात. तरीही गेल्या पावसाळ्यात माजघराच्या मागच्या भिंतीवर वरून खालपर्यंत ओल उतरली. ओटीच्या बाजूला तर पन्हळ भरून पाणी पुढे सांडत होतं. एका कंत्राटदाराने सांगितलं, की घराला चहूबाजूंनी पीव्हीसीची नवी पन्हळ करा, वर जाळी लावा, साफसफाईची कटकटच संपेल. खर्च बराच आहे. आम्ही ठाण्याला असतो. शिमगा, मे, गणपती आणि जमलं तर दिवाळी, एवढंच जाणं होतं. पन्हळ वर्षातून किती वेळा आणि कधी साफ करावी? जाळी लावावी का? आणि बाबांना कसं थांबवावं? घराला लागून एक आंबा, दोन फणस, एक चिंच आणि पाच-सहा माड आहेत. माकडांचा त्रासही आहे.
(एक वाचक, ठाणे)

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. पहिल्या दोन प्रश्नांत चूक झाली तर भिंत ओली होईल, तिसऱ्यात चूक झाली तर माणूस पडेल. चौऱ्याहत्तराव्या वर्षी शिडी बंद, यावर चर्चा नको. पण फोनवरून “बाबा, चढू नका” असं सांगितल्याने कोकणातला बाप शिडीवरून उतरल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. ज्यांनी उभ्या जन्मात आगोटीची कामं स्वतःच्या हातांनी केली, त्यांना नुसतं थांबवलं तर तुम्ही ठाण्याची गाडी पकडाल त्याच दुपारी ते शिडी काढतील. त्यांचं काम काढून घेऊ नका, बदलून द्या. वर चढायला गडी आणा आणि तपासणी बाबांच्या ताब्यात द्या. ती तपासणी जमिनीवरूनच करायची असते आणि गड्यापेक्षा त्यांनाच जास्त चांगली जमेल. कशी, ते पुढे सांगते. शिडी मात्र या खेपेला शेजारी नेऊन ठेवा.

आता घर. तुमच्या पत्रात दोन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत आणि कंत्राटदाराने दोन्हींवर एकच औषध दिलंय. ओटीच्या बाजूला पाणी पुढे सांडतं, ते पन्हळीचं दुखणं. पण माजघराची मागची भिंत घराच्या पोटात आहे. तिथे वळचण नाही आणि वळचणीची पन्हळही नाही. तिथे आहे तो २०११ चा सांधा, म्हणजे जुन्या कौलांचा मागचा उतार जिथे स्लॅबच्या कठड्याला जाऊन भिडतो ती अरुंद खोबण. गवंडी तिला व्हॅली म्हणतात. जुन्या घराला मागे स्लॅब जोडला, की ही व्हॅली आलीच. खालून ती दिसत नाही. बाबा पुढच्या पन्हळी दर मे महिन्यात लख्ख करत असतील, पण या खोबणीत दहा-बारा वर्षांचा फणसाचा पाला, फुटक्या कौलांचे तुकडे आणि माकडांनी टाकलेली आंब्याची बाठं साठली असली तर मला नवल वाटणार नाही. व्हॅली तुंबली, की पाणी मागे चढतं, खोबणीत बसवलेल्या पत्र्याच्या वरच्या कडेवरून कौलांखाली शिरतं आणि थेट भिंतीच्या माथ्यावर उतरतं. डाग वरून खाली आलाय असं तुम्ही लिहिलंय, ते याच्याशी जुळतं. जमिनीतली ओल जोत्याकडून वर चढते.

खात्री करून घ्यायची तर मे महिन्यातल्या कोरड्या दिवशी दोन माणसं लावा. एकाने माजघरात बॅटरी घेऊन उभं राहायचं, दुसऱ्याने स्लॅबवरून पाणी सोडायचं. स्लॅबवर जिना असेल तर शिडीही लागणार नाही. आधी व्हॅलीच्या खालच्या टोकाला पाणी सोडा आणि दहा मिनिटं थांबा. मग दोन हात वर सरका आणि पुन्हा थांबा. घाईने सगळीकडे एकदम पाणी मारलं, तर ओल आली एवढंच कळेल, ती कुठून आली ते कळणार नाही. शेवटी व्हॅलीतलं पाणी बाहेर पडायचं तोंड फडक्याने बंद करून ती थोडी भरू द्या. एवढा वेळ कोरडी राहिलेली भिंत आता ओली झाली, तर पत्र्याच्या कडेची उंची कमी आहे असं समजा.

नवी व्हॅली करून घ्याल तेव्हा दोन गोष्टींवर अडून बसा. एक, रुंदी किमान नऊ इंच हवी, फूटभर मिळाली तर उत्तम. जिथे हात आणि खराटा जात नाही ती जागा कुणी साफ करत नाही. दुसरी गोष्ट महत्त्वाची : कठड्याला जास्तीच्या पाण्यासाठी एक वेगळं भोक ठेवायला सांगा, पत्र्याच्या वरच्या कडेपेक्षा दोन इंच खाली. त्याचा पर्नाळा बाहेर परसात, आईच्या नजरेसमोर पडेल असा काढा. एरवी तो कोरडा राहील. त्यातून धार पडायला लागली, की नेहमीची वाट तुंबली असं समजायचं आणि गड्याला बोलवायचं. घर स्वतः ओरडून सांगेल अशी ही सोय आहे, आणि कंत्राटदाराच्या जाळीच्या मानाने खर्च अगदीच किरकोळ.

ओटीकडे येते. आपल्याकडच्या जुन्या घरांना पन्हळी असायच्या त्या मोजक्या ठिकाणी. बाकी चारी बाजूंनी पागोळ्या सुटायच्या. वळचण दोन-अडीच फूट पुढे, जोतं उंच आणि पागोळ्या पडतात त्या रेषेत चिरे किंवा फरशी बसवलेली. पाणी अंगणात पडायचं, उताराने गडग्याच्या बाजूला निघून जायचं, भिंतीला शिवायचंही नाही. ज्या पाण्याला पन्हळच नाही, त्याची पन्हळ तुंबत नाही. म्हणून घराला चहूबाजूंनी पन्हळ हा सल्ला मला पटत नाही. पायरीवर, तुळशीपाशी, मोटारसायकल लावता तिथे आणि जिथे पागोळी शेजाऱ्याच्या आवारात पडते तिथे पन्हळ हवी. शेजारच्या बाजूला तर हवीच, नाहीतर पाणी आणि भांडण दोन्ही मुरतात. उरलेल्या बाजूंना वळचण पुरेशी पुढे असेल तर पन्हळ काढून टाका. पागोळीच्या रेषेत जांभ्याचे चिरे बसवा म्हणजे माती उडून भिंत रंगणार नाही. जितकी पन्हळ कमी, तितकी सफाई कमी, तितकं शिडीवर चढणं कमी.

जिथे ठेवाल तिथे ती पुरेशी मोठी ठेवा. पाणी किती येतं याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. तुमचा पुढचा उतार चाळीस फूट लांब आणि अठरा फूट खोल धरला, तर तो साधारण ६७ चौरस मीटर भरतो. तासाला ५० मिलिमीटर या वेगाने पाऊस कोसळला, तर त्या एका उतारावरून मिनिटाला ५५ लिटर पाणी येईल, म्हणजे दर मिनिटाला तीन-चार बादल्या. आणि आपल्या किनाऱ्यावरच्या एखाद्या जोरदार सरीत काही मिनिटं याच्या दुप्पट वेगही असतो. चार इंची पन्हळ आणि एका कोपऱ्यात एकच पाइप असेल, तर ती आरशासारखी स्वच्छ असूनही सांडेल. त्यात बाबांची काहीच चूक नाही, हे त्यांना जरूर सांगा. सहा इंची पन्हळ घ्या, दोन्ही टोकांना पाइप द्या आणि मधून दोन्हीकडे उतार काढा. दहा फुटांना अर्धा इंच उतार पुरतो. जास्त दिला तर एक टोक कौलांपासून फार खाली जातं आणि जोराच्या सरीत पाणी पन्हळीवरून उडी मारून पुढे पडतं.

आता तुमचा पहिला प्रश्न. पन्हळीची सफाई एका तारखेला बांधता येत नाही, हे मागच्या काही वर्षांनी दाखवून दिलंय. मुंबईत मोसमी पाऊस २०२३ मध्ये २५ जूनला पोचला आणि २०२५ मध्ये २६ मेला. मृग लागायच्या आदल्या रविवारी काम काढणाऱ्यांची २०२५ मध्ये भर पावसात धावपळ झाली. वादळांचंही तसंच. निसर्ग ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडपर्यंत घरं उघडी करून गेलं. तौक्ते २०२१ च्या मे महिन्यात, तारीख सोळा, आपल्या किनाऱ्याला घासून गुजरातकडे सरकलं. फयान तर २००९ मध्ये थेट ११ नोव्हेंबरला आलं, लोक दिवाळीचे कंदील उतरवून बसल्यावर. म्हणजे मेच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत छप्पर कधीही परीक्षेला बसू शकतं. नशिबाने तुमच्या घरी जाण्याच्या वेळा या कामाला चांगल्या जुळतात.

शिमग्याला जाल तेव्हा आंब्या-फणसाची पानगळ जोरात असते. या वेळी पन्हळ धुवायची गरज नाही, नुसता सुका पाला ओढून काढायचा. हेच काम मेपर्यंत टाळलं, तर त्या पाल्यात धूळ बसते, वळवाची एखादी सर त्याला भिजवते आणि मग ती गच्च माती होते. शिमग्याला आणखी एक बघा : व्हॅलीत किंवा कौलांच्या सांध्यात वडा-पिंपळाचं रोप आलंय का. बोटभर असतानाच मुळासकट काढा. वर्षभराने त्याची मुळं चिऱ्याच्या सांध्यात गेलेली असतात आणि मग कापलं तरी ते फुटत राहतं.

मे महिन्यात खरी सफाई, आणि ती रोहिणी लागायच्या आत, म्हणजे २५ मेच्या आत संपवायची. कौलं परतणं, फुटकी बदलणं हे आधी आणि पन्हळ सर्वांत शेवटी, कारण वर काम झालं की सगळा चुरा खाली पन्हळीतच येतो. उलट क्रमाने केलं तर काम दोनदा करावं लागतं. जुनी मंगलोरी कौलं मिळतील तिथून पन्नासेक घेऊन परसात रचून ठेवा, कारण निसर्गनंतर कौलं आणि पत्रे दोन्ही मिळेनासे झाले होते.

तिसरी वेळ बहुतेक जण विसरतात आणि माझ्या मते सर्वांत मोलाची तीच : पहिल्या जोरदार पावसानंतरचे दोन-तीन दिवस. वर्षभराची धूळ, शेवाळाच्या खपल्या, चिंचेची बारीक पानं, माडाचा मोहोर आणि गळलेली बोंडं हे सगळं पहिला पाऊस छपरावरून धुऊन पन्हळीत आणून टाकतो. मे महिन्यात लख्ख केलेली पन्हळ मृगाच्या पहिल्या आठवड्यात अर्धी भरते. तुमच्या ओटीचं पाणी सांडण्यामागे अपुऱ्या पन्हळीबरोबर हेही कारण असणार. या वेळी तुम्ही ठाण्याला असाल, म्हणून गड्याला मे महिन्यातच सांगून ठेवा, की पहिल्या मोठ्या पावसानंतर जरा उघडीप मिळाली की एक फेरी मार. त्याचे पैसे वेगळे आणि आधी द्या. उधारीवरचं काम भातलावणीत बुडतं.

गणपतीला गेलात की फक्त पाइपांची तोंडं आणि व्हॅली बघा. ऑगस्टपर्यंत शेवाळ आणि फणसाची सडलेली पानं तिथे गोळा होऊन बसतात आणि पुढे हस्ताचा पाऊस बाकी असतो. विजा कडाडत येणारा तो पाऊस तासाभरात जे पाडतो, ते श्रावणाची झड दिवसभरात पाडत नाही. दिवाळीची फेरी वेगळ्याच कारणासाठी : पावसाळा संपल्यावर पन्हळीत जिथे पाणी साचून राहतं, तिथे उतार मोडला आहे. त्या जागा खडूने खुणा करून ठेवा आणि मेमध्ये ब्रॅकेट वर-खाली करून घ्या. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डासांची पिढी तयार होते आणि डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ पाण्याच्या जागा शोधत असतो. ग्रामपंचायतीची माणसं टाक्या-पिंपं तपासून जातात, पण पन्हळीत डोकावायला त्यांच्याकडे कुठे शिडी असते!

माकडांचं काही वेळापत्रक नाही. टोळी छपरावरून गेली, की दुसऱ्या दिवशी कौलं सरकलीत का आणि पन्हळीचा ब्रॅकेट वाकलाय का एवढं खालून पाहायचं. पीव्हीसीच्या पन्हळीवर एखादं थोराड वानर उडी मारून उतरलं, की ती क्लिपमधून निसटते. म्हणून ब्रॅकेटमधलं अंतर दोन-सव्वादोन फुटांपेक्षा जास्त नको. वाऱ्यालाही तोच नियम. वादळात उडून गेलेल्या पन्हळी बहुतेक लांब-लांब ब्रॅकेटांवरच्या असतात.

आता बाबांचं काम, जे मी मघाशी राखून ठेवलं. पाऊस चालू असताना छत्री घेऊन अंगणात उभं राहायचं आणि बघायचं. पाइपाच्या खालच्या तोंडातून धार येत नाही आणि वर पन्हळ भरून वाहतेय, म्हणजे पाइप तुंबलाय. पाइपातून धार येतेय, तरी मधूनच एका जागी पाणी सांडतंय, तिथे पन्हळ झुकली आहे किंवा आत गोळा अडकलाय. पाणी पन्हळीच्या पुढून न पडता मागून, भिंतीच्या बाजूने गळतंय, तर कौलांची शेवटची ओळ पन्हळीत पुरेशी पुढे आलेली नाही. हा प्रकार सर्वांत वाईट. वाशांची टोकं कुजतात ती याने आणि कुजलेल्या ओल्या लाकडाला वाळवी शोधत येते. बाबांनी मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं चित्रण करून तुम्हाला पाठवावं. कुठे बिघडलंय हे तुम्हाला ठाण्यात बसून कळेल आणि गड्याला नेमकं काम सांगता येईल. छत्री घेऊन बाहेर उभं राहू नका, असं आई म्हणतीलच. तो वाद त्यांचा त्यांना मिटवू द्या.

गड्याविषयी थोडं, कारण तोही कुणाचा तरी बाप असतो. माड चढणारा माणूस उंचीला घाबरत नाही, पण माड आणि शिडी यांत फरक आहे. शिडीचा पाय घरापासून पुरेसा लांब हवा, म्हणजे चार हात उंचीला एक हात बाहेर. शिडी पीव्हीसी पन्हळीला टेकवायची नाही, ती सरकते आणि पन्हळही फुटते. वाशाला किंवा भिंतीला टेकवून वर दोरीने बांधायची. खाली एकाने धरून उभं राहायचं. पावसाळ्यात जांभ्याच्या फरशीवर शेवाळ असतं, तिथे गोणपाट टाकावं. तुमच्या घराला वीज येते ती तार बहुधा वळचणीलाच खांबावरून येऊन मीटरकडे उतरत असेल. घरातला मेन स्विच बंद केला तरी मीटरपर्यंतची ती तार जिवंतच राहते. हे पुष्कळांना ठाऊक नसतं. अॅल्युमिनियमची शिडी त्या बाजूला लावायचीच नाही. तारेचं वेष्टण उसवलेलं दिसलं, तर महावितरणच्या माणसाला बोलवा, त्याआधी त्या कोपऱ्याची पन्हळ तुंबलेली राहिली तरी चालेल.

पन्हळीत उघडा हात घालू नका. आधी काठीने ढवळा. कौलांखाली आणि सुक्या पाल्यात विंचू असतो. आपल्याकडच्या लाल विंचवाचा डंख लहान मुलांच्या जिवावर बेततो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिनच्या गोळीचा उपचार रूढ केल्यापासून माणसं वाचतात, पण त्यासाठी दवाखान्यात वेळेत पोचावं लागतं. मांत्रिकाकडे घालवलेला तास परत मिळत नाही. वळचणीला गांधीलमाश्यांचं पोळं असेल तर ते आधी दिवसाउजेडी बघून ठेवा. छपरात उंदीर असतातच आणि त्यांची लघवी पन्हळीतल्या चिखलात उतरते. त्यातून होणाऱ्या लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) रुग्ण सिंधुदुर्ग-रत्नागिरीत दर पावसाळ्यात सापडतात. रबरी हातमोजे हवेत, हातापायाला जखम असेल तर काम दुसऱ्याला द्यावं, आणि काम केल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पन्हळ साफ केल्याचं न विसरता सांगावं.

हत्यारात काही विशेष लागत नाही. तेलाच्या रिकाम्या प्लॅस्टिक कॅनचा तळ तिरका कापला की पन्हळीच्या गोलाईत बसणारं उत्तम खोरं होतं. जस्ताच्या पत्र्याच्या पन्हळीवर लोखंडी खुरपं चालवू नका. ते जस्ताचा थर खरवडतं आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात त्या जागेवर पुढच्याच पावसाळ्यात गंज दिसतो. सुक्या घाणीवर आधी थोडं पाणी शिंपडा म्हणजे धूळ नाकात जाणार नाही. घाण घमेल्यात काढा, पाइपात ढकलू नका. बहुतेक पाइप याच आळसाने तुंबतात. तुंबलेला पाइप मोकळा करायला बांबूची लवचीक कामटी खालून घाला, ॲसिड ओतू नका. गुरांच्या गोठ्यावर किंवा लाकडाच्या खोपीवर सिमेंटचे जुने पत्रे असतील, तर त्यांवर कुणीही पाय देऊ नये. शेवाळाखाली ते कुजकट झालेले असतात आणि त्यांत ॲस्बेस्टॉस असतो, म्हणून ते कोरडे घासूही नयेत.

जाळीबद्दल माझं मत थोडं कडक आहे. फणस आणि आंब्याची रुंद पानं जाळी अडवते, हे खरं. पण तुमच्याकडे चिंच आहे. चिंचेची पानं जाळीतून आरामात आत जातात, माडाच्या मोहोराचा चुराही जातो आणि वर अडकलेला आंब्याचा पाला ओला होऊन जाळीवर गोधडीसारखा पसरतो. मग पाणी पन्हळीत शिरतच नाही, वरून घसरून पुढे पडतं. सफाई संपत नाही, उलट आधी जाळी काढा, मग पन्हळ साफ करा, मग जाळी बसवा, असं तीनपट काम होतं. माझं ऐकाल तर लांबलचक जाळीऐवजी फक्त प्रत्येक पाइपाच्या तोंडावर तारेचा फुगीर गोळा बसवा. पाला त्याभोवती जमला तरी वरच्या बाजूने पाणी जात राहतं आणि पाइप सुरक्षित राहतो. फणसाची एक फांदी नेमकी व्हॅलीवर आली असेल, तर पावसाआधी ती उतरवून घ्या. त्या एका फांदीने जे होईल ते हजारो रुपयांच्या जाळीने होणार नाही. झाड तोडू नका, फांदी म्हणतेय मी.

वादळाची सूचना आली, की हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा लागायच्या आधीच पाइपांची तोंडं मोकळी करून शिडी आत न्यायची. वारा सुटल्यावर कुणी वर चढायचं नाही, कौल उडालं तरी नाही. वादळानंतर आधी फोटो काढा आणि मग साफसफाईला हात लावा. पंचनाम्याला तलाठी येतील तेव्हा अंगण झाडून स्वच्छ असेल, तर नुकसान दाखवायचं कुठून? तुटलेली तार पडली असेल तर तिच्यापासून लांब राहा आणि ती मेलेली आहे असं गृहीत धरू नका.

पाइपातून उतरलेल्या पाण्याचं पुढे काय होतं हेही या खेपेला बघून घ्या. जोत्यालगत पडत असेल तर चिऱ्याची भिंत ते शोषून घेते, आणि तुम्ही वर कितीही खर्च केलात तरी खालून ओल येतच राहते. तीन-चार फूट बाहेर नेऊन सोडा. गुहागरातही एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात, म्हणून हेच पाणी विहिरीकडे वळवायचा मोह होईल. अवश्य वळवा, पण मग पहिल्या काही सरींचं पाणी बाहेर सोडायची सोय पाइपाला हवी आणि पन्हळीच्या सफाईत सूट नाही, कारण उंदराची लेंडी तुमच्या पिण्याच्या पाण्यात जायला मध्ये काही उरत नाही.

तेव्हा कंत्राटदाराला नाही म्हणण्याआधी चार गोष्टी विचारा. व्हॅलीचं काम त्याच्या अंदाजपत्रकात आहे का? पन्हळ किती इंची आणि पाइप किती? ब्रॅकेट किती अंतरावर? पाणी खाली उतरल्यावर कुठे जाणार? पहिल्याच प्रश्नाला तो अडखळला, तर पत्र्याचं काम करणारा वेगळा माणूस बघा, आणि तो आताच बघा. मे महिन्याच्या अखेरीस आंब्याच्या बागांमधले नेपाळी गडी गावी परततात, गावातले लोक पेरणीच्या मागे लागतात आणि गवंडी फोन उचलत नाहीत. शिमग्याला पालखी घरी येऊन गेली, की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला स्लॅबवर नेऊन व्हॅली दाखवा, माप घ्यायला लावा आणि मे महिन्याची तारीख ठरवून थोडा विसार देऊन ठेवा.